एका बॉक्सचे दोन संसार

हिंगणघाट जिल्हा करा, ही मागणी जुनी आहे. ती पुरी होईल तेव्हा होईल. तोवर इथल्या घराघरांत दुसरीच एक मागणी जोरात आहे : आतल्या खोलीला स्वतंत्र टीव्ही द्या. तिला मोर्चा लागत नाही, निवेदन लागत नाही. आजीची मालिका आणि नातवाची मॅच एका वेळी लागली की पुरते. मग हॉलच्या भिंतीवर नवा टीव्ही चढतो, जुन्याची आतल्या खोलीत बदली होते, आणि त्याला चॅनेल कुठून आणायचे, तेही फुकटात, यावर घरातली कर्ती मंडळी बजेटच्या गांभीर्याने बसतात.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. केबलची काळी वायर खिडकीतून आत यायची. तिला स्प्लिटर लावला की एकाचे दोन, दोनाचे चार. चित्रात मुंग्या यायच्या, पण मुंग्यांचे पैसे लागत नव्हते. केबलवाल्याला सगळे ठाऊक असायचे आणि तो काणाडोळा करायचा. कारण त्याची कनेक्शने करमणूक कराच्या कागदावर किती आणि खांबावरून प्रत्यक्षात किती गेलीत, हे गिऱ्हाइकालाही ठाऊक असायचे. असा समजूतदार कारभार पुन्हा होणे नाही.

मग डिजिटल आले. मुंबईत 2012 साली, नागपुरात 2013 साली, आणि हिंगणघाटासारख्या नगरपालिकांच्या गावांना 31 डिसेंबर 2015 ही मुदत मिळाली. सिग्नलला कुलूप लागले आणि किल्ली बॉक्सच्या पोटात गेली. एक बॉक्स, एक टीव्ही. स्प्लिटर लावा नाहीतर नवस बोला, दुसऱ्या टीव्हीवर कोरा पडदा.

पण माणूस असा हरत नसतो. आमच्या शेजारच्या काकाजींनी ओळखीतला एक वायरवाला पोरगा बोलावला.

"एका बॉक्सवर दोन टीव्ही नाही चालत का रे?"

"चालते ना काकाजी, काऊन नाही चालणार? एचडीएमआय हॉलमधी राहू द्या. पांढरी-लाल-पिवळी आत घेऊन जाऊ. होऊन जाते."

झाले, मोजणी सुरू. मोजणीच्या बाबतीत हे गाव सामान्य नव्हे. 1802 साली मद्रासेतून अख्खा हिंदुस्थान मोजायला निघालेला कर्नल विल्यम लॅम्ब्टन जानेवारी 1823 मध्ये इथेच वारला, त्याची कबरही इथेच आहे. त्याच्याकडे शंभर फुटी पोलादी साखळी होती आणि इंच-इंचाचा हिशेब होता. आमच्या पोराकडे दोन हात होते. ते पसरून त्याने हॉल ते आतली खोली पाच वाव धरली. वायर दरवाज्याच्या चौकटीवरून, देवघराच्या मागून, कपडे वाळत घालायच्या दोरीला धरून आत पोचली आणि तीन फूट कमी पडली. टीव्हीच तीन फूट अलीकडे सरकवला. तेव्हापासून गोदरेजच्या कपाटाचे एकच दार उघडते.

चित्र मात्र आले! काकाजींनी शेजारीपाजारी बोलावून दाखवले. हॉलमध्ये आजीची मालिका, आतही आजीची मालिका. आधी नातू एका खोलीत वैतागायचा, आता दोन्ही खोल्यांत वैतागायची सोय झाली. बॉक्स एक म्हणजे चॅनेल एक. हॉलने हुकूम सोडायचा, आतल्या खोलीने पाळायचा. यावर उपाय म्हणून आतून रिमोट चालवायचे एक यंत्र आणले. आता नातू आत बटण दाबतो आणि हॉलमध्ये ऐन मंगळाष्टकांच्या वेळी नवरदेवाच्या जागी यष्टिरक्षक उभा राहतो. भांडण होतेच, फक्त आता भिंतीआडून होते.

या सगळ्यात वायर, यंत्र, पोराची मजुरी आणि तीनदा चहा धरून जो खर्च झाला, तो काकाजी काकूंना सांगत नाहीत. म्हणून आपण सरकारी हिशेब पाहू. दूरसंचार नियामकाने 2020 साली ठरवून दिले होते की दोनशे चॅनेलपर्यंत महिन्याचे मूळ शुल्क जास्तीत जास्त 130 रुपये, आणि त्याच घरातल्या दुसऱ्या टीव्हीला त्याच्या 40 टक्क्यांहून जास्त घ्यायचे नाही. म्हणजे 52 रुपये. 18 टक्के जीएसटी धरून 61 रुपये 36 पैसे. वर प्रत्येक टीव्हीला आपापले चॅनेल निवडायची मुभा. पैशाच्या चॅनेलचे पैसे अर्थात वेगळे आणि बॉक्सही वेगळा. हा नियम आमच्या गल्लीत कोणी पाहिल्याचे ऐकिवात नाही. तो इकडे पोचेपोचेपर्यंत 2024 चा जुलै आला आणि मूळ शुल्कावरची कमाल मर्यादाच उठली. आता दर कंपनीने ठरवायचा.

दुसरी वाट छतावरून जाते. दूरदर्शनची फुकट छत्री 2004 पासून आहे. छत्री आणि बॉक्सचे पैसे एकदाच द्यायचे, महिन्याचे भाडे नाही. सह्याद्री आहे, बातम्या आहेत, जुने सिनेमे तर रोजचे. दोन तोंडांचे एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल झेलणारा तुकडा) आणि दुसरा बॉक्स घेतला की त्याच छत्रीवर दोन टीव्ही आपापल्या मर्जीने चालतात. अडचण एकच, वानरांची. टोळीतले एखादे दांडगे वानर छत्रीवर टेकले की कोन हलतो आणि भर उन्हात कोणीतरी छतावर चढून "आलं का?" असे ओरडत राहते. खालून "गेलं!" एवढेच ऐकू येते.

काकाजींना हे सगळे सांगितले. ते म्हणाले, "महिन्याचे साठ रुपये उगीच काऊन द्यायचे?" आणि पोराला फोन लावला, एका बॉक्सवर तिसरा टीव्ही चालतो का विचारायला.

वाचकांना एवढीच विनंती : पाच वाव वायर आणायच्या आधी केबलवाल्याला दुसऱ्या कनेक्शनचा महिन्याचा दर विचारा, बॉक्स विकत की भाड्याने तेही विचारा, आणि पावती घ्या.