आबांची निमबटाई

आबांच्या मालकीच्या सात कोंबड्या आहेत आणि आबांच्या दारात एकही नाही. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या माणसाच्या अंगणात कोंबडी फिरणं बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. पाप कोंबडीच्या मालकीत की तिची विष्ठा झाडण्यात, याचा निवाडा त्यांनी कधीच करून टाकलाय. झाडण्यात. म्हणून ते त्यांनी जळगावच्या मेहरूणमधल्या तीन घरांना वाटून दिलंय. त्यातलं एक घर माझं.

खानदेशात शेत निमबटाईनं देतात, तशा शेळ्या-कोंबड्याही देतात. जित्राब मालकाचं, राबणूक सांभाळणाऱ्याची, वाढावा निम्मानिम्मा. आबा एका संध्याकाळी डालग्यात दोन गावरान कोंबड्या घेऊन आले आणि सोबत केळीच्या जुन्या कॅरेटांना जाळी ठोकून केलेलं खुराडंही. ‘‘खुराड्याचं भाडं नाही,’’ ते म्हणाले, ‘‘मोडलं तर फक्त नवं करून द्यायचं.’’

तेव्हापासून मेहरूण तलावावरचा सकाळचा फेरा आटोपला की ते माझ्या फाटकाशी येतात. घरात कोणी आजारी असलं तरी विचारपूस आधी कोंबड्यांची. ‘‘काय करून रायल्या?’’ त्यांच्या वाट्याची अंडी नातू कापडी पिशवीत नेतो. पुढे त्यांचं काय होतं हे आबा विचारत नाहीत.

आता, गावरान कोंबडी म्हणजे काही अंड्यांचा कारखाना नव्हे. बारा-पंधरा अंडी देते, खुडूक होते आणि बसते. वर्षाकाठी साठ-सत्तर अंडी म्हणजे डोक्यावरून पाणी. हे आबांना माझ्याहून चांगलं ठाऊक. तरी एखाद्या दिवशी अंडं नसलं की ते कोंबडीकडे न बघता माझ्याकडे बघतात.

आमच्या परसात बोरीचं झाड आहे. मेहरूणची बोरं प्रसिद्ध. पण हिवाळ्यात माझ्या झाडाखाली पडलेलं बोर माझ्या मुलीनं उचललं की आबा हळहळतात. ‘‘राहू द्या बेटा, त्यांच्या तोंडचं कायले काढता?’’ मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीपार गेला तेव्हा कोंबड्या चोच वासून, पंख फाकवून धापा टाकू लागल्या. कोंबडीला घाम येत नाही, उष्णता बरीचशी तोंडावाटे टाकायची. मी ओलं गोणपाट टांगलं, मातीच्या परळात दर दोन तासांनी पाणी बदललं. आबा म्हणाले, ‘‘तुमच्या कूलरचं तोंड जरा इकडं फिरवलं तर?’’ फिरवलं. आम्ही पुठ्ठ्यानं वारा घेतला.

एकदा मी त्यांना सांगितलं, की अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका जोडप्यानं 2013 मध्ये कोंबड्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली. उन्हाळ्याच्या हंगामापुरत्या दोन किंवा चार कोंबड्या, खुराडं आणि खाद्य घरपोच. अंडी सगळी भाडेकरूची. थंडी पडायला लागली की कोंबड्या परत, आणि लळा लागलाच तर ठेवूनही घेता येतात. 2025 च्या मार्चमध्ये तिकडे डझनभर अंडी सहा डॉलरच्या वर गेली होती, हेही सांगितलं. आबांनी सगळं शांतपणे ऐकलं.

‘‘अंडी सगळी देऊन टाकतात?’’

‘‘हो.’’

‘‘बुडतील.’’

ज्येष्ठात आबा मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरला निघाले. मला वाटलं, महिनाभर सुटका. चौथ्या मुक्कामावरून फोन आला. मागे टाळ वाजत होते.

‘‘तांबडी खुडूक झाली का?’’

‘‘झाली.’’

‘‘तेरा अंडी बसवा. रामकृष्णहरी.’’

एकविसाव्या दिवशी अकरा पिल्लं निघाली. सातव्या दिवशी राणीखेतची लस द्यायची म्हणून दुकानात गेलो, तर लासोटाची सगळ्यात लहान बाटली शंभर पक्ष्यांची. एकदा फोडली की ठेवता येत नाही. अकरा पिल्लांच्या डोळ्यांत एकेक थेंब टाकला आणि उरलेल्या एकोणनव्वद न जन्मलेल्या पिल्लांचेही पैसे भरले. आबांचं फोनवर मत पडलं, की औषधपाणी सांभाळणाऱ्याकडे.

मग दोन पिल्लं मुंगसानं नेली, एक बोक्यानं, एक भरदुपारी घारीनं.

एकादशी करून आबा एस.टी.नं परतले ते कपाळावरच्या बुक्क्यासकट थेट माझ्या परसात. माझ्या हातावर चुरमुऱ्याचा प्रसाद ठेवला आणि मोजायला लागले.

‘‘सात?’’

मी मुंगूस, बोका, घार सगळं सांगितलं.

‘‘म्हणजे गेली ती सांभाळताना गेली,’’ आबा म्हणाले. ‘‘ती चार तुमच्या वाट्यातली. अकराचे निम्मे किती?’’

‘‘साडेपाच.’’

‘‘आता अर्ध्या पिल्लाचं काय करायचं? कापायचं पाप माझ्याच्यानं होणार नाही.’’ त्यांनी माळेला हात लावला. ‘‘तेव्हा ते अख्खंच मले.’’

सहा त्यांची, एक माझं. माझं कोणतं हेही त्यांनीच ठरवलं. तुरा आत्ताच वर येऊ लागलेलं, पायानं जाड. अंडी देण्याशी त्याचा जन्मभर संबंध येणार नव्हता, हे मलाही कळत होतं.

सहा पिल्लं डालग्यात घालून आबा फाटकापर्यंत गेले. तिथे थांबले, माळ चाचपली आणि परत वळले. डालगं माझ्या ओट्यावर ठेवत म्हणाले,

‘‘घरी कुठं नेऊ यांना? राहू द्या तुमच्याइथंच. निमबटाईनं.’’