झाडाआडच्या साहेबांस, एमएच 26 कडून

प्रति,
चौकाच्या जरा अलीकडे, लिंबाच्या बुंध्याआड उभे असलेले साहेब,


लोहा, अहमदपूर, चाकूर करत नांदेड-लातूर ये-जा करणाऱ्या समस्त मोटारसायकलवाल्यांच्या वतीने हे अभिनंदनपत्र. चौक कोणता ते लिहीत नाही, कारण आपण सर्वत्र आहात.

पहिलं कौतुक आपल्या नजरेचं. लातुरातल्या गर्दीतून आपण नांदेडची एमएच 26 अचूक टिपता, नांदेडात आपले बंधू लातूरची एमएच 24. "कुणीकडं निघालाव? घ्या कडंला," अशी विचारपूस होते आणि तोवर चावी आपल्या हातात गेलेली असते. चावी काढून घेण्याचं कलम मोटार वाहन कायद्यात मला काही सापडलं नाही. आपल्याकडची आवृत्ती सुधारित असावी.

आपली सोय आणखी वाढावी म्हणून एप्रिल 2019 च्या आधीच्या गाड्यांना सरकारने नवी सुरक्षा पाटी सक्तीची केली. दुचाकीला साडेचारशे रुपये, वर जीएसटी. मुदत होती 31 मार्च 2025. मग एप्रिल, जून, ऑगस्ट, नोव्हेंबर, डिसेंबर. सरकारची मुदत अशी वाढत जाते, आमच्या विम्याची एका रात्रीनेही वाढत नाही. असो. पाटीवरचे 'दादा' गेले, आकडे ठळक झाले आणि आम्ही आता लांबूनच परजिल्ह्यातले दिसतो.

कागद मोबाइलवर दाखवले तरी चालतात, असं केंद्राचा नियम 139 नोव्हेंबर 2018 पासून सांगतो. आपलं म्हणणं, "मोबाइलमधलं नको, ओरिजिनल काढ." आमचे फोटो मात्र आपण आपल्याच मोबाइलमध्ये काढत होता. खासगी मोबाइल वापरू नका, असा हुकूम जुलै 2025 मध्ये वरूनच आला, तेव्हा आमच्यापेक्षा आपलंच मन जास्त दुखावलं असणार.

धुराबद्दल तक्रार नाही. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत लातूरचं नाव आहे, नांदेडचं नाही. तेव्हा माझ्या जुन्या बीएस-3 गाडीने लातूरकरांची हवा नासू नये, हे रास्तच. दर सहा महिन्यांनी पन्नास रुपयांची पीयूसी काढतो. ती नसली तर कायद्यात दहा हजारांपर्यंत दंड आहे, हेही ठाऊक आहे. फक्त काळा धूर ओकत डंपर गेला की आपण शिट्टीऐवजी रुमाल काढता, तो कुठल्या नियमाखाली, तेवढं कळवावं.

हेल्मेटचं आमच्या मामांना समजावून सांगा. पगडी बांधलेल्या शिखांना कलम 129 हेल्मेटमधून सूट देतं. नांदेडात हे रोज दिसतं, आणि कायदा स्पष्ट आहे. मामांचं म्हणणं, "मग माझा फेटा काय उसना हाय?" मी त्यांना हेल्मेट घेऊन दिलंय. ते टाकीवर ठेवतात आणि आपण दिसलात की डोक्यावर.

आता मुद्द्याचं. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला की या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या लागतात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेला, मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही, आणि स्पीकरवर गाणी अशी की मागचा हॉर्न पुढे पोचतच नाही. समोरच्या गाडीच्या प्रकाशाने डोळे दिपले की ती ट्रॉली दिसते ती थेट हँडलपुढे. हेल्मेट असलं तरी त्या धडकेतून निभावेलच असं नाही. हे धूड आपल्या समोरून, चालत्या माणसाच्या वेगाने, सावकाश जातं. त्याला हात करायला पळावंसुद्धा लागत नाही. त्याच वेळी आपण टॉर्चच्या उजेडात माझ्या विम्याची तारीख वाचत असता.

म्हणून एक नम्र विनंती. हंगामात अंधार पडला की आपली खुर्ची कारखान्याच्या वळणावर हलवावी. माझे कागद तिथेही तपासा, मी आपण होऊन थांबेन.

आपला,
एमएच 26 वाला

ता. क. येताना लाल रिफ्लेक्टरच्या पट्टीची दोन बंडलं आणा. कात्री मी आणतो.