तळघरातले वाहतूक अधीक्षक

खेळण्यातली आगगाडी गोल गोल फिरताना पाहून ज्याची मुद्रा उजळते तो मनुष्य, आणि तीच पाहून ज्याच्या कपाळाला आठी पडते तो मनुष्य, हे दोन सर्वस्वी भिन्न वर्णांचे जीव होत; आणि अमेरिकेतील ओहायोत माझ्या भाच्याच्या शेजारी राहणारे वयोवृद्ध गृहस्थ, ज्यांना त्यांची मित्रमंडळी पूर्ण गांभीर्याने ‘अधीक्षक’ म्हणते, ते निःसंशय दुसऱ्या वर्णाचे. कोठून निघाली, कोठे चालली, पोटातला माल कोणाचा आणि त्याचे भाडे कोणी भरायचे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर न देता जी धावते, ती गाडी त्यांच्या लेखी उनाड. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे आणि तेथील गाड्या पाहून पोरे टाळ्या पिटतात, असे मी त्यांना मोठ्या अभिमानाने सांगितले, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, “आणि रिकाम्या वाघिणी परत कोण पाठवतो?”

अधीक्षकांचे सारे आयुष्य एका विमा कंपनीत हिशेबनिशी करण्यात गेले. पेन्शनीत निघालेल्या मनुष्याने दफ्तराचे नाव टाकावे, हा सर्व जगाचा शिरस्ता. यांनी मात्र सेवानिवृत्त होताच घराखालच्या तळघरात दुसरे दफ्तर थाटले आणि त्याच्याभोवती, केवळ त्या दफ्तराला काम मिळावे म्हणून, एक रेल्वे बांधली. रेल्वे एचओ मापाची, म्हणजे खऱ्याच्या एक सत्त्याऐंशीअंश. दोन रुळांतले अंतर साडेसोळा मिलिमीटर. तिच्यावर सदैव १९५४ चा ऑक्टोबर महिना चालू असतो. वाफेची आणि डिझेलची इंजिने त्या काळी एकत्र नांदत होती आणि हिवाळ्याच्या तोंडावर कोळशाला मागणी उत्तम असते, अशी दोन कारणे त्यांनी मला दिली. त्यांतले दुसरे देताना त्यांचा चेहरा खाणमालकासारखा तृप्त दिसला.

स्थळ आकुंचित केल्यावर काळाला मोकळे सोडणे हा त्यांना अन्याय वाटतो. ५,२८० फुटांच्या मैलाला ८७ ने भागले की जेमतेम एकसष्ट फूट हाती लागतात. सबब दोन स्थानकांमध्ये पुरता एक मैलदेखील भरत नाही आणि गाडी वेळापत्रकाची शाई वाळण्यापूर्वीच मुक्कामाला पोहोचते. यावरचा या छंदातला जुना तोडगा म्हणजे जलद चालणारे घड्याळ. अधीक्षकांच्या भिंतीवरचे घड्याळ आपल्या पंधरा मिनिटांत एक तास पुढे जाते, आणि तळघराच्या पायऱ्या उतरल्यावर मनगटावरच्या घड्याळाकडे पाहणे हा तेथे असभ्यपणा गणला जातो.

हे सारे त्यांनी एकट्याने निर्माण केले असे मात्र नव्हे. या संप्रदायाला परंपरा आहे. न्यू ऑर्लिन्सच्या फ्रँक एलिसन यांनी १९४४ साली ‘मॉडेल रेलरोडर’ मासिकात लेखमाला लिहून असे प्रतिपादन केले, की रूळ आणि डोंगर हा रंगमंच, गाड्या ही पात्रे आणि वेळापत्रक हे संविधानक. पुढे १९६१ मध्ये डग स्मिथ यांनी त्याच मासिकात पत्त्यांची पद्धत मांडली आणि तेव्हापासून या नाटकात कारकुनाचा प्रवेश झाला. अधीक्षक एलिसन यांना मानतात, पण पूजा स्मिथ यांचीच करतात.

ती पद्धत मी जवळून पाहिली आहे. प्रत्येक वाघिणीच्या नावाचे एक पुठ्ठ्याचे पत्र, त्यावर तिचा नंबर, जात आणि मालक कंपनी, पत्राला खिसा, खिशात बिल्टी. बिल्टीला चार मजकूर, आणि एका वेळी एकच खिशाबाहेर दिसतो. ‘रिकामी, फर्निचर कारखान्याकडे’ असा पहिला हुकूम बजावला गेला, की खेळानंतर अधीक्षक ती बिल्टी उलटी करतात आणि दुसरा हुकूम वर येतो: ‘खुर्च्या भरून शिकागोस रवाना’. शिकागो म्हणजे फळीमागे दडवलेले सहा रूळ. खुर्च्या कोणी केल्या नाहीत, कोणी भरल्या नाहीत आणि शिकागोत त्यांची वाट कोणी पाहत नाही. परंतु कागद अस्सल, आणि जी वाघीण ठिकाणी पोहोचली नाही तिची बिल्टी उलटायची नाही, हा नियम ब्रह्मवाक्य. कोळशाच्या वाघिणींत तर खऱ्या कोळशाचा चुरा चिकटवलेले ढीग ठेवलेले असतात, आणि वीजघरापाशी ‘माल उतरला’ म्हणजे अधीक्षक ते चिमट्याने उचलून डबीत घालतात.

पंधरवड्यातून एका शनिवारी आठ-दहा जण जमतात आणि तैनाती होते. कंट्रोलरची जागा जिन्याखालच्या कपाटात. तेथून एकही गाडी दिसत नाही, आणि म्हणूनच सर्व गाड्यांचा अंमल त्याच्याकडे. टेलिफोनवरून खबर घ्यायची, कागदावर रेघ ओढायची, हुकूम सोडायचा. कोणत्याही सरकारी खात्याला शोभेल अशी ही व्यवस्था आहे. उरलेल्यांना थांबत थांबत जाणाऱ्या मालगाड्या मिळतात, आणि खरे शास्त्र तेथेच. सायडिंगचे तोंड येणाऱ्या गाडीकडे असेल तर इंजिनामागची वाघीण आत घालता येत नाही. इंजिन सोडवावे, शेजारच्या रुळावरून वळसा घालून गाडीच्या शेपटीला आणावे, आणि मग ती वाघीण ढकलावी. कपलिंग सोडवायला बांबूची बारीक काडी मिळते. ती दोन वाघिणींच्या मध्ये घालून किंचित पिळताना मोठमोठ्या माणसांचे श्वास अडकलेले मी पाहिले आहेत.

त्यांच्यात एक नाणावलेले वकील होते. त्यांनी एकदा वीजघराची कोळशाची वाघीण शेजारच्या फर्निचर कारखान्याच्या धक्क्यावर सोडली. अधीक्षक चकार शब्द बोलले नाहीत. आठवड्याने वकिलांना टपालाने एक पत्र आले. कारखान्याच्या छापील शीर्षकाचे, व्यवस्थापकाच्या सहीचे. धक्का अडल्यामुळे खुर्च्या पडून आहेत, आणि वाघीण मागवलीच नसल्यामुळे तिचे डेमरेज आम्ही भरणार नाही, असा त्यातला मजकूर. वकिलांनी तीन पानी उत्तर धाडले. तो पत्रव्यवहार, माझ्या माहितीप्रमाणे, अद्याप मिटलेला नाही.

अधीक्षकांच्या पत्नीचे धुलाईयंत्र डोंगरापलीकडच्या कोपऱ्यात आहे आणि तेथे जायचे तर वाटेतला पूल उचलावा लागतो. कपड्यांचे गाठोडे कडेवर घेऊन त्या जिन्याखालच्या कपाटासमोर उभ्या राहतात, कंट्रोलर वेळापत्रक पाहून अठरा मिनिटांचा मार्गपरवाना देतो, आणि त्या त्यावर सही करतात. “चाळीस वर्षे विमा कंपनीचे त्यांनी ऐकले,” त्या मला म्हणाल्या, “आता कंपनी त्यांचे ऐकते.”

माझ्या मते बाईंचे निदान अचूक आहे, पण अपुरे. या गृहस्थांना सत्ता फारशी नको. त्यांना हवे आहे ते नेटके झालेले काम. जन्मभर त्यांनी जे कागद लिहिले ते कोणत्या मजल्यावर गेले आणि त्यांचे पुढे काय झाले, हे त्यांना कधी दिसले नाही. येथे कागदावर लिहिले की वाघीण हलते, आणि पोहोचली की कागद उलटतो. ज्या नोकरशाहीत अर्जदारच नाही आणि तरीही प्रत्येक अर्जाचा निकाल त्याच रात्री लागतो, ती मला तरी अन्यत्र आढळलेली नाही.

तेव्हा कधी तिकडे गेलात आणि बोलावणे आले, तर अवश्य जा. मऊ तळव्यांचे बूट घाला, कारण फरशी सिमेंटची आहे आणि पाळी तीन तासांची. वाघीण रुळावरून घसरली तर बोटांनी उचलू नका. अधीक्षकांना कळवा, ते तिच्या पत्राला दुरुस्तीची चिठ्ठी लावतील. आणि शिट्टी वाजवण्याचा मोह आवरला नाही, तर ती फाटकापाशीच वाजवा: दोन लांब, एक आखूड, पुन्हा एक लांब.