श्रीमंत विंडोज सरकार यांस अनावृत पत्र

श्रीमंत विंडोज सरकार यांचे सेवेशी,

सविनय विज्ञापना विशेष. १९९५ साली पडद्याच्या कोपऱ्यात आपण प्रतिष्ठापिलेले 'स्टार्ट' बटण २०१२ साली आपणच उठवलेत आणि देशोदेशीच्या रयतेने ओरड करताच पुढल्याच वर्षी ते पूर्वस्थळी आणून बसवलेत; यावरून हुजुरांच्या कानी फिर्याद पोचू शकते, मात्र ती पुष्कळ मोठ्याने करावी लागते, असे अनुमान काढून हा अर्ज गुदरण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम नावांविषयी. कोणा विद्यार्थ्याने आपल्या टिपणास रोमन लिपीत 'कॉन' असे नाव देऊ पाहिले, तर आपण ते तत्काळ नामंजूर करता. याचे कारण असे की, आपले पूर्वज जे डॉस, त्यांच्या पहिल्या अमदानीत फोल्डर नावाची वस्तूच नव्हती, आणि कळफलक व पडदा या जोडीस 'कॉन', तर छापयंत्रास 'पीआरएन' अशी नावे बहाल झालेली होती. १९८३ साली फोल्डर आले. पण जुन्या प्रोग्रामांचा खोळंबा होऊ नये म्हणून ती नावे प्रत्येक फोल्डरात राखीव ठेवण्यात आली आणि आजतागायत राखीवच आहेत. वतनदार केव्हाच कैलासवासी झाले, वतन मात्र चालू! देवनागरीत तेच नाव लिहिल्यास सरकारची काहीच हरकत नसते, हा मराठी रयतेवर आपला उपकारच म्हणावयाचा.

पत्त्यांची कथा याहून निराळी नाही. ए व बी ही अक्षरे ज्या फ्लॉपींसाठी राखली गेली त्या नामशेष झाल्या, तरी नव्याकोऱ्या यंत्राची मोजणी अद्याप सी पासूनच सुरू होते. फाइलीचा संपूर्ण पत्ता २६० अक्षरांत बसवावा, हा दंडकही असाच पुराणा. २०१६ साली आपण तो शिथिल केलात खरा, परंतु ती सवलत मिळण्यास यंत्रधन्याने आतल्या दफ्तरात शिरून ती चालू करावी आणि प्रोग्रामानेही आपली संमती आधी नोंदवावी, अशी दुहेरी अट घातलीत. सवलत दिली म्हणावी तर ती कोणास मिळाली, हा प्रश्न उरतोच.

कचेऱ्यांविषयी काय लिहावे! 'कंट्रोल पॅनेल' ही आपली १९८५ पासूनची जुनी कचेरी. २०१२ साली तिच्या शेजारी 'सेटिंग्ज'ची नवी इमारत उठली, आणि तेव्हापासून एकाच कामासाठी रयतेने दोन्ही उंबरठे झिजवावे असा शिरस्ता पडला. नव्या कचेरीत दोन-चार दालने ओलांडून गेलेल्या अर्जदारास शेवटी पुष्कळदा जुन्याच कचेरीच्या दाराशी आणून सोडले जाते.

नित्याच्या वर्तनाबद्दलही थोडे निवेदन करणे प्राप्त आहे. कोणी मान खाली घालून मजकूर टंकित असता मध्येच एखादी चौकट पुढे येऊन उभी राहते, तिच्यातील प्रश्न वाचण्यापूर्वीच बोट अभावितपणे एन्टर कळीवर पडते, आणि आपण कशास रुकार दिला हे उमगण्याच्या आत ती चौकट अंतर्धान पावते. फाइल काढून टाकू गेल्यास ती अन्य प्रोग्रामात उघडी आहे असे आपण बजावता. तो अन्य कोण, हे मात्र पुष्कळदा गुलदस्तात ठेवता. मराठी व इंग्रजी असा दुहेरी व्यवहार करणाऱ्यांचे दुःख तर अधिकच सूक्ष्म: डावी ऑल्ट व शिफ्ट या कळा चुकून एकत्र दाबल्या गेल्या की भाषा पालटते, तिची वर्दी पडद्याच्या तळाशी एका चिमुकल्या चिन्हातून लागते, आणि मान वर करून पाहावे तो अर्धा परिच्छेद रोमन अक्षरांच्या अर्थशून्य रांगेत परिणत झालेला असतो.

न्यायाची गोष्ट म्हणून हेही मान्य केले पाहिजे की, यांतील पुष्कळशा खोडींच्या मुळाशी एक सद्गुण आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी लिहिलेला एखादा हिशेबाचा प्रोग्राम आजही आपल्या आश्रयाने चालतो, आणि त्याच्यावर पोट असलेले दुकानदार व कचेऱ्या आपल्याला दुवा देतात. जुन्याशी इमान राखणे ही क्षुद्र गोष्ट नव्हे. परंतु हे इमान प्रोग्रामांपुरतेच का? हयात नसलेल्या प्रोग्रामाची गैरसोय होऊ नये म्हणून आपण चार दशके जपता, आणि समोर बसलेल्या जिवंत मनुष्याने मात्र दर आवृत्तीगणिक आपल्या सवयी मोडाव्या, अशी अपेक्षा ठेवता. जे नियम निरुपयोगी झाले ते कायम राहतात आणि ज्या बटणांवर हात बसला ती हलतात, हा न्याय उफराटा आहे.

सबब प्रार्थना इतकीच की, येत्या आवृत्तीत नवे रंग, नवे कोपरे व नवे सहायक न देता आपण जुनी थकबाकी चुकती करावी: दोन कचेऱ्यांची एक करावी, टंकणाऱ्याच्या पुढ्यात आगंतुकाने येऊ नये अशी सक्त ताकीद द्यावी, आणि फाइल कोणी अडवली त्याचे नाव सांगावे. एवढे झाल्यास नवलाईवाचून रयतेचे काहीएक अडणार नाही.

आपला आज्ञांकित,
एक वापरकर्ता