स्पितीच्या थंडीत, विनावॉल्व

चढ दिसला की आमच्या गाडीत आनंदीआनंद व्हायचा. ताई "आला, आला!" म्हणायची आणि मागच्या सीटवरची आत्या ब्लँकेटातून एक हात बाहेर काढून हीटरच्या दिशेने धरायची. चढावर इंजिन राबायचं, राबलं की थोडं तापायचं आणि हीटरमधून कोमट म्हणता येईल अशी हवा यायची. उतार लागला की सगळं संपलं. उतारावर डिझेल जवळजवळ जळतच नाही, मग उष्णता कुठून येणार? त्याच हीटरमधून किन्नौरचा अख्खा फेब्रुवारी आमच्या पायांवर सोडला जायचा.

हिवाळ्यात कुंझुम खिंड बर्फाने बंद असते. त्यामुळे स्पितीत जायचं तर मनालीकडून नव्हे, शिमला-रामपूर-नाको-ताबो असं वळसा घालून जावं लागतं. भाऊजींनी त्यासाठी अकोल्याहून स्वतःची जुनी डिझेल जीप आणली होती. तापमानाचा काटा ‘सी’च्या खुणेवर झोपलेला होता आणि याचं त्यांना भारी कौतुक. "एवढे घाट चढली, पण तापली का? नाही!" उन्हाळ्यात ४५ अंशांत गाडी हाकणाऱ्या माणसाला इंजिन गार राहणं हा बिघाड आहे, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

तरी गाडी आपल्या परीने तक्रार करत होती. ॲव्हरेज पडलं होतं. सकाळी पांढरा धूर निघायचा आणि बराच वेळ निघत राहायचा. कूलंट कमी असेल तरी हीटर गार पडतो, म्हणून ते पाहिलं, तर काठोकाठ. (शिमल्यात रेडिएटरमधलं अकोल्याचं नळाचं पाणी काढून अर्धं पाणी, अर्धं कूलंट भरलं होतं. हे मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. नुसतं पाणी राहिलं असतं तर एखाद्या रात्री बर्फ होऊन त्याने इंजिनच फोडलं असतं.) काटाच बिघडला असेल, असं भाऊजी म्हणाले. मग आमचे पायही बिघडले असतील, असं ताई म्हणाली.

निदान केलं नाकोच्या ढाब्यावर भेटलेल्या एका ट्रकड्रायव्हरने. सकाळी गाडी सुरू करायला लावून त्याने रेडिएटरच्या वरच्या पाइपवर हात ठेवला. धड गाडीत हा पाइप आधी बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम तापतो. आमचा पहिल्यापासूनच मिळमिळीत कोमट होत गेला.

"साहब, वॉल्व है?"

"था," भाऊजी म्हणाले.

मग सगळं बाहेर आलं. दोन उन्हाळ्यांपूर्वी अकोल्यात गाडी तापली, तेव्हा मिस्त्रीने थर्मोस्टॅटचा वॉल्वच काढून टाकला होता. "काहाले पाह्यजे ते? आपल्या इकडे कुठी थंडी पडते?" हा वॉल्व म्हणजे पोटात मेण असलेली एक चिमुकली वस्तू. पाणी ८२ अंशांच्या आसपास जाईपर्यंत तो रेडिएटरची वाट अडवून धरतो. मग मेण फुगतं आणि वाट उघडते. तो नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये गार व्हायला जातं. खिडक्या सताड उघड्या टाकून शेगडी पेटवण्यातला प्रकार.

ड्रायव्हरने ढाब्यामागून नूडल्सचा एक खोका आणला, फाडला आणि पुठ्ठा जाळीच्या आत, रेडिएटरच्या पुढ्यात अर्ध्या भागावर सरकवला. तासाभरात काटा उठून बसला! मात्र पुठ्ठ्याला मेण नसतं. मोठ्या चढावर काटा मध्याच्या वर सरकू लागला, की ताईने खाली उतरून पुठ्ठा बाहेर ओढायचा. उतार आला, की पुन्हा आत सारायचा. काझापर्यंत वॉल्वचं काम तिनेच केलं, आणि वॉल्वपेक्षा पुष्कळ जास्त बोलून.

काझात एका मेकॅनिककडे दुसऱ्या गाडीचा, पण आमच्या इंजिनात बसणारा वॉल्व निघाला. तो चालतो का हे पाहायला त्याने पातेल्यात पाणी उकळत ठेवलं. "शंभर अंशांना काय, कुठलाही उघडेल," भाऊजी म्हणाले. पण काझा सुमारे ३,७०० मीटर उंचीवर आहे. तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. वॉल्ववर ८२ कोरलेलं होतं म्हणून तो उघडला. त्याच्यावर ८८ असतं, तर बिचारा निर्दोष असूनही पातेल्यात नापास झाला असता.

वॉल्व बसला, हीटर खराखुरा गरम झाला आणि आत्याने किन्नौरनंतर प्रथमच कानटोपी काढली. भाऊजींनी तिथूनच अकोल्याला फोन लावला. वॉल्व बसवल्याचं ऐकून मिस्त्री जरा हळहळला.

"बसवला तं बसवला," तो म्हणाला. "एप्रिलात आना गाडी, काढून देतो."