शाईची सायकल कशी काढावी

आधी शाई. बाटलीतली शाई मिळते, पण ती वापरल्याचं कुणाला सांगू नये. पाइनच्या काजळीत सरस कालवून केलेली चिनी शाईची कांडी आणावी आणि थेंबथेंब पाणी घालत चंदनाच्या खोडासारखी उगाळावी. त्यासाठी वेगळा दगड मिळतो. देवघरातली सहाण घेऊ नये. मी घेतली. पुढे चार दिवस आमच्या बाळकृष्णाच्या कपाळी काळपट गंध होतं, आणि आई माझ्याशी फक्त बाबांमार्फत बोलत होती.

कागद शुआन, चीनच्या आन्हुइ प्रांतातला. कच्चा शुआन शाई अशी पितो की कुंचला क्षणभर रेंगाळला तरी चाकाचा मेदूवडा होतो. म्हणून चाक एका दमात काढावं. बांगडी ठेवून गोल मारणाऱ्यांनी रांगोळीकडे वळावं.

आरे काढू नयेत. अर्धवट कोरडा कुंचला झपकन फिरवला की फराट्यात कागदाचे तुटक पांढरे धागे राहतात. याला चिनीत ‘फेइबाय’ म्हणतात, उडता पांढरा. आऱ्यांचं काम ते धागेच करतात. कुणी विचारलंच तर चाक फिरतंय म्हणावं.

सायकल शक्यतो ‘फ्लाइंग पिजन’ घ्यावी. त्यान्जिनच्या कारखान्यातून १९५० पासून निघालेली, काळी, जडशीळ, टपाल्याच्या सायकलीसारखी. निवडीमागचं कलात्मक कारण असं की तिला चेनकव्हर असतं, त्यामुळे चेन काढावी लागत नाही. गिअरवाल्या सायकलीच्या नादी लागू नये. मागच्या चाकापाशी काय काय लोंबतं हे समजेपर्यंत शाई वाळते.

रस्ताही काढायचा नाही. चिनी चित्रकार छी बायशी (१८६४–१९५७) कोळंबी काढत, भोवतीचा कागद कोरा सोडत. त्या कोऱ्या कागदातच कोळंबी पोहते. स्वाराला दोन फटकारे पुरेत, एक पाठीचा, एक पायाचा. पाठ जितकी वाकडी तितका चढ मोठा. डोंगर मात्र धुक्यात ठेवावा, पुढे किती चढ उरलाय हे स्वाराला कळता कामा नये. शाईचा थेंब नको तिथे पडला तर तो पक्षी. तीन पडले तर थवा. पाचाच्या वर गेले तर सहीचा लाल शिक्का त्यावरच मारावा आणि तो तिथेच हवा होता असा चेहरा करावा.

मग स्कॅन करून जाड कागदावर पंचवीस प्रती काढाव्यात आणि खाली पेन्सिलीने ‘३/२५’ लिहावं. ‘१/२५’ लिहिलं की पहिलीच विकली जातेय हे गिऱ्हाइकाला कळतं. कोरी जागा जितकी जास्त तितकी किंमत जास्त. हे घरच्यांना समजावत बसू नये.

एक प्रत मी आमच्या पंक्चरवाल्या काकांना दिली. त्यांनी हात पुसले, चित्र उजेडात धरलं, मान तिरकी करून बराच वेळ पाहिलं. मी धुक्याबद्दल बोलणार, तेवढ्यात ते म्हणाले, “पुढच्या चाकात हवा कमीये.”