दहा ग्रॅमचं प्रेम

फेब्रुवारी लागला की आमच्या धावड्यात दोनच विषय चालतात. यंदा मिरचीचं बी कोणतं घ्यायचं, आणि शेतातली लाईट या आठवड्यात दिवसाची का रात्रीची. तिसरा विषय पोरांनी मोबाईलमधून आणला. ७ तारखेला गुलाब द्यायचा, ८ला मागणी घालायची, ९ला चॉकलेट, १०ला टेडी अस्वल, ११ला वचन, १२ला मिठी. १३ तारखेचं इथं लिहीत नाही, हे सदर आमच्या घरात मोठ्यानं वाचलं जातं. १४ला व्हॅलेंटाइन. आठ दिवस, ओळीनं, एकही तारीख न चुकता. एवढी शिस्त गावातल्या नळालाही नाही.

"काका, काकूला यंदा काहीतरी गिफ्ट द्या," पुतण्या म्हणाला. त्याचं लग्न व्हायचंय, त्यामुळं या विषयातला जाणकार तोच.

मी म्हटलं, देतोच की. शेवटचं काय दिलं, त्यानं विचारलं. मी आठवू लागलो. कुकरची रिंग. मिक्सरला नवं पातं. शिलाई मशीनचा पट्टा. एक प्लास्टिकची घागर. यातली एकही वस्तू मी भेट म्हणून दिलेली नाही. पिशवी ओट्यावर ठेवायची आणि भिंतीकडं बघत म्हणायचं, "लागत होतं म्हणून आणलं." याहून कोमल वाक्य आमच्या भागात नवऱ्याच्या तोंडून निघालेलं मी तरी ऐकलेलं नाही.

उगाच आणलेल्या वस्तूवर आमच्याकडं संशय घेतात. गल्लीतल्या एकानं मागं बायकोला साडी आणली. ना सण, ना लगीन, ना कुणाचं डोहाळजेवण. बाईनं साडी घेतली, पदर उलगडला, काठ चोळून पाहिला आणि विचारलं, "कोनाला जामीन राहून आले?" आणि तो खरंच राहिला होता.

माझा अनुभव याहून जड आहे. वजनानं म्हणाल तर दहाच ग्रॅम.

मागच्या फेब्रुवारीत कृषी सेवा केंद्रातून घरी फोन केला. दुकानात गर्दी, बाहेर ट्रॅक्टर, अर्धं ऐकू येत नव्हतं. मी ओरडून सांगितलं, "दहा ग्रॅमची घेतली! एक नाही, चार घेतल्या!" पलीकडं जरा वेळ काहीच नाही. मग तिचा आवाज आला, एकदम मऊ. "अहो, एवढं कशाला?" सत्तावीस वर्षांत ती माझ्याशी अशी बोलली नव्हती, त्यामुळं मला वाटलं फोन दुसरीकडंच लागला. घरी पोहोचलो तर चहात आलं होतं. आईला सांगून झालं होतं, शेजारच्या वहिनीला सांगून झालं होतं, आणि त्या वहिनी काहीतरी मागायच्या निमित्तानं दारात उभ्या होत्या. मी पिशवीतून चार चकचकीत पुड्या काढून पाटावर मांडल्या. संकरित मिरचीचं बी. पुडीवर मिरचीचा हिरवागार फोटो.

सोनंही दहा ग्रॅमवर आणि मिरचीचं बीही दहा ग्रॅमवर, हे ज्यानं कुणी ठरवलं त्याला संसार नसावा. बायकोनं एक पुडी उचलली, उलटी करून पाहिली आणि शांतपणे विचारलं, "याच्यात घट किती धरत्यात?"

त्या दिवसापासून मी या प्रश्नाचा गंभीरपणे विचार करतोय, आणि माझ्या मते दोष तारखेचा आहे. फेब्रुवारीत आमच्या खिशात असतंच काय? बी घ्यायचं, ते ट्रेमध्ये टाकायचं, रोप एप्रिल-मेच्या उन्हात मल्चिंगवर लावायचं, ठिबकनं जगवायचं. सगळा पैसा जायचा. यायचा तो जूनच्या पुढं, तोडा सुरू झाल्यावर. त्या दिवसांत धावडा, वालसावंगी, पिंपळगाव रेणुकाई या पट्ट्यात मिरचीचा बाजार भरतो, पोत्यांच्या थप्प्या लागतात, ट्रक उभे राहतात आणि माणसाच्या हातात रोख नोट दिसते. प्रेम करायची आमच्याकडची खरी वेळ ती. संत व्हॅलेंटाइन पडले रोमचे. त्यांच्या काळी तिकडं मिरची नव्हतीच. ती अमेरिकेतून निघून पोर्तुगीजांच्या गलबतानं आपल्याकडं यायला पुढं बाराशे वर्षं गेली. मिरची न लावणाऱ्या माणसाच्या नावानं मिरचीवाल्यांनी दिवस पाळायचा, तर तारीख तरी आपल्या सोयीची असावी. श्रावणात घ्या. आणि मिरचीचा भाव पडला तर त्या साली फक्त वचनाचा दिवस पाळावा.

नवरा-बायकोचा म्हणून आपल्याकडं मुळातच एक दिवस आहे, दिवाळीचा पाडवा. बायको ओवाळते, नवरा ताटात ओवाळणी टाकतो. आमच्याकडं हा व्यवहार असा होतो: सकाळी ती डाळीच्या डब्यातून पाचशेची नोट काढते आणि माझ्या नव्या शर्टाच्या खिशात ठेवते. संध्याकाळी मला पाटावर बसवून, कुंकू लावून, ती नोट परत घेते. रात्री नोट डब्यात. गेल्या पाडव्याला मी तिच्यावरची हळदीची खूणसुद्धा ओळखली. देशातली मोठमोठी माणसं पैसा खेळता राहिला पाहिजे म्हणतात, तो आमच्या घरात असा खेळतो.

आणि जावयाचं प्रेम वेगळंच. यंदा, २०२६ साली, अधिक ज्येष्ठ आहे. १७ मे ते १५ जून. म्हणजे धोंड्याचा महिना. लेक-जावयाला बोलवा, पुरणाचे धोंडे करा, तेहेतीस अनारसे ताम्हनात रचून वर दिवा ठेवून द्या, झालंच तर चांदीचं काहीतरी. पंचांगकर्त्यांनाही मेमधला आमचा खिसा माहीत नाही. पण ही तीन वर्षांनी येणारी आपत्ती असल्यामुळं तिच्यावर स्वतंत्र लेख लिहीन.

गावाचंही थोडं सांगतो. धावड्याचं माणूस प्रेमाच्या बाबतीत अडाणी आहे असा कुणाचा समज होऊ नये. आमचा शेजार फार मोठा आहे. जवळच अजिंठा. तिथल्या सतरा नंबरच्या लेणीत विश्वंतर राजपुत्राची गोष्ट रंगवलेली आहे. दानशूर माणूस. कुणी मागितलं की द्यायचं. राज्याचा हत्ती दिला, घोडे दिले, रथ दिला, पोटची दोन लेकरं दिली आणि शेवटी बायकोही देऊन टाकली. भेटवस्तूंच्या बाबतीत आमच्या परिसरातला हा दीड हजार वर्षांचा उच्चांक आहे. बायकोला मी एकदा लेणी दाखवायला नेलं, तेव्हा वाटाड्यानं ही गोष्ट रंगवून सांगितली. ती चित्राकडं बघत राहिली. मग म्हणाली, "हिला कोनी इचारलं होतं का?" वाटाडा पुढच्या भिंतीकडं वळला.

अजिंठा गावातच पारोची कबर आहे. रॉबर्ट गिल हा लष्करातला साहेब १८४४पासून लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करत बसला होता, आणि पारो ही त्याची इथली सोबतीण. ना. धों. महानोरांनी त्यांच्यावर अख्खं काव्य लिहिलं, नितीन देसाईंनी सिनेमा काढला. गिलनं काढलेली चित्रं सातासमुद्रापार गेली आणि त्यातली बहुतेक १८६६ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाली. टिकला तो कबरीवरचा दगड. पारोचं नाव आणि २३ मे १८५६ ही तारीख. गिलनंच तो बसवला असं सांगतात. म्हणजे साहेबानंसुद्धा बाईला कायमची टिकणारी वस्तू दिली ती ती गेल्यावर. आमच्यात आणि साहेबात फार फरक नाही, फक्त त्याला इंग्रजी यायचं.

दुसरा शेजार जाळीच्या देवाचा. महानुभावांचं मोठं ठिकाण. त्या पंथाच्या बोलीत उपहार म्हणजे दुकानातून रंगीत कागदात गुंडाळून आणलेली वस्तू नव्हे, देवापुढं ठेवलेलं अन्नाचं ताट. मला हा अर्थ पटतो. आमच्याकडं माणसाला वस्तू देत नाहीत, खाऊ घालतात. आठवडी बाजारातून येताना गोडीशेव आणतात. वर्तमानपत्राच्या पुडीत बांधलेली, गुळाचा पाक सुटून कागदाला चिकटलेली. पुडी सोडली की शेवेबरोबर बातमीही थोडी खावी लागते. मी लहान असताना वडील ती पुडी धोतराच्या सोग्यात लपवून आणायचे आणि आजीसमोर काढायचे नाहीत. अंधार पडल्यावर ती आईच्या हातात जायची. आई सकाळी आम्हाला वाटायची आणि सांगायची, "तुमच्यासाठी आनली बाबानं." आम्हीही तसंच समजायचो. पुडी अर्धी असायची, हे गणित मला लग्नानंतर सुटलं.

असो. तर यंदा पुतण्याच्या देखरेखीखाली मी आठवडा पाळला. ७ तारखेला गुलाब. मावळात पॉलिहाऊसमध्ये पिकवतात आणि याच दिवसांत विमानानं परदेशी पाठवतात, त्यातला एखादा विमान चुकलेला असावा. लांब दांडी, प्लास्टिकची टोपी. बायकोनं वास घेतला. "वास नाही याला," म्हणाली, "पन देवाला चालंन." संध्याकाळी गुलाब महादेवाच्या फोटोवर. महादेवाला त्या दिवशी नेमकं काय वाटलं असेल कोण जाणे. ९ला चॉकलेट नेलं, त्याचे घरातल्या माणसांइतके सहा तुकडे झाले, माझ्या वाट्याला चांदी आली. टेडी अस्वल टीव्हीवर बसलंय, धूळ लागू नये म्हणून साडीच्या दुकानाची पिशवी डोक्यावरून घालून. घरात एक माणूस ओलीस धरल्यासारखं दिसतं. १२ तारखेबद्दल एवढंच सांगतो की २०२३ साली पशुकल्याण मंडळानं १४ फेब्रुवारीला गायीला मिठी मारायचं आवाहन केलं होतं आणि चार दिवसांत मागं घेतलं होतं. ते मागं घेतल्याचं आमच्या गोठ्यापर्यंत पोहोचलं होतं. बाकी काही विचारू नका.

१४ला रात्रीची लाईट होती. गव्हाला पाणी द्यायचं होतं. मी दारं धरायला निघालो तर ती हातात बॅटरी आणि खांद्याला पिशवी घेऊन मागं. "एकटे नका जाऊ, परवा डुक्कर दिसलं म्हने." बांधावर काट्याकुट्या पेटवल्या. शेजारच्या पट्टीत हरभरा होता, त्यातले अजून ओले असलेले चार ढाळे उपटून तिनं जाळावर धरले. हुळा झाला. घाटे तडतडले. तिनं ते तळहातावर चोळले, फुंकर मारून टरफलं उडवली आणि काळे-हिरवे दाणे माझ्या हातावर ओतले. हात कोपरापर्यंत काळे. पुतण्यानं मला एक वाक्य पाठ करून दिलं होतं. वेळ बरी वाटली. मी घसा साफ केला.

तेवढ्यात मोटार घुमायला लागली. घुमते, फिरत नाही. आठ दिवसांपासून तेच चाललं होतं.

"कंडेन्सर गेला," मी म्हटलं. "आता सकाळपर्यंत बसा."

"काय म्हनत होते तुम्ही?"

"काही नाही."

तिनं पिशवीत हात घातला. कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि गव्हाकडं बघत माझ्यापुढं धरलं. नवा कंडेन्सर.

"लागत होता म्हून आनला," ती म्हणाली, आणि बॅटरीचा उजेड स्टार्टरच्या पेटीवर धरला.